सहाणेवरचा तुकडा

दार उघडेच राहू दे, असे व्यंकटला सांगून मी बोरू पुन्हा दौतीत बुडवला आहे. तो दार लावायला उठला होता. घरातली गोष्ट रस्त्यावर जाऊ नये, असे त्याचे म्हणणे. ती केव्हाच गेली आहे. आता जे लिहीन ते मोठ्याने म्हणत लिहीन. ओट्यावर बसलेल्यांनी ऐकावे. मधे बोलायचे असेल तर बोलावे; लिहिण्यासारखे असेल तर तेही लिहीन.

लिहून ठेवणार मी, बन्सीधर वल्द नागोराव डहाळे, धंदा सोनारकी, वय सत्तरीला टेकलेले, राहणार कसबे पाथरी, जिल्हा परभणी, इलाखा निजाम सरकार. माझे डोळे अधू आहेत, बुद्धी नाही. आज सकाळी एका नथीच्या तुटलेल्या फाशाला जोडाचा डाख दिला. जिथे हवा तिथेच तो बसला. शुद्धीवर असल्याचा याहून चांगला दाखला माझ्याजवळ नाही. हा कागद मी कोणाच्या दडपणाने लिहीत नाही. दडपण आहे, ओट्यावर बसले आहे. पण लिहितो आहे ते त्याच्या मनाविरुद्ध.

मला दोन मुलगे झाले. थोरला व्यंकटराव परभणीला एका वकिलाकडे कारकून आहे. त्याला आणि त्याची बायको पार्वतीबाई हिला मूल नाही. धाकटा भुजंग माझ्याशेजारी बसून काम शिकला आणि पटकीच्या साथीत गेला. त्याची बायको धुरपताबाई तेव्हा गरोदर होती. तिला मुलगा झाला. त्याचे नाव मुंजा. तो आता तीन वर्षांचा आहे. या कागदात घर, दुकान आणि हत्यारे यांची वाटणी आहे, पण कागद लिहिण्याचे कारण मुंजा आहे. तो कोणाजवळ वाढेल, हे मला जिवंतपणी ठरवायचे आहे.

व्यंकटने परभणीहून एक कागद तयार करून आणला आहे. तो माझ्या डाव्या हाताशी आहे. त्यात म्हटले आहे की धुरपताबाई आपला मुलगा दिराला दत्तक देण्यास राजी आहे, आणि तिचे चित्त ठिकाणावर नसल्यामुळे तिच्या वतीने सासरे सही करीत आहेत. एकाच ओळीत ती राजी आहे आणि तिचे चित्त ठिकाणावर नाही. मी मुन्शी नाही, पण हा सांधा बसलेला नाही एवढे मला दिसते. उद्या सकाळी बैलांची दमणी सांगितलेली आहे. दोघे मानवतच्या स्टेशनावर जाणार, आणि मुंजाला बरोबर नेणार, असा बेत आहे. त्याच्यासाठी पार्वतीबाईने अंगडे-टोपडे शिवून आणले आहे. म्हणून हे आजच लिहिणे आले.

व्यंकट वाईट मनुष्य नाही. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी खोडणार नाही.

ज्याला हा कागद पुढे वाचावा लागेल त्याला आधीचे ठाऊक नसेल. ते असे.

बाळंतपणानंतर धुरपताची झोप गेली. ती भिंतीकडे तोंड करून बसे. मूल पुढ्यात ठेवले की म्हणे, "हे कोणाचं हाय? त्याची माय वाट बघत असंल. देऊन या." एकदा ती आडाच्या काठावर सापडली. भगत आणला गेला. त्याने मिरच्यांची धुरी दिली आणि जाताना तांब्याची घागर नेली. मग एका वैद्याने झोपेसाठी अफू सांगितली. झोप आली. अफू राहिली.

मुंजाला पहिले वर्ष शेजारच्या दगडाबाई माळिणीने पाजले. तिचे धाकटे तेव्हा अंगावर होते.

त्या वर्षातली एक गोष्ट. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला मोहरीएवढी अफूची गोळी चाटवतात, म्हणजे ते बांधावर झोपून राहते. आमच्याकडे यात कोणाला काही वाटत नाही. माझी बहीण बायनाबाई माझ्याच घरी राहते. मुंजा रडायचा थांबेना, तेव्हा तीही अशी गोळी घेऊन त्याच्याजवळ गेली. ज्या धुरपताला ते मूल आपले वाटत नव्हते, ती भिंतीपासून उठली आणि तिने बायनाच्या हातावर मारले. गोळी चुलीत गेली. "मी खाते तेवढं बास हाय," ती म्हणाली. "ह्या घरात दुसरं कोणी खाणार न्हाई."

ती आई आहे, हे मला त्या वेळी कळले. व्यंकटला ते कळलेले नाही, कारण तो तेव्हा इथे नव्हता. आता ऐकतो आहे.

अफू एकदम तोडता येत नाही. आम्ही तोडून पाहिली होती. मग मी काट्यावर गुंजांनी तोलून देऊ लागलो, आणि अधूनमधून पारड्यातली एक गुंज काढू लागलो. गुंज काढली की भांडण. ती माझ्या पाया पडे, मग शिव्या देई, मग पुन्हा पाया पडे. सासऱ्याने सुनेचे हे पाहू नये आणि सुनेने सासऱ्याला तसे बोलू नये. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहीनासे झालो.

देवाचे गंध तीच उगाळीत असे. ते काम तिने कधी सोडले नव्हते. सहाणेवर चंदनाचा झिजलेला तुकडा असे. एके सकाळी मी गुंजा पिशवीत भरल्या आणि तो तुकडा पारड्यात ठेवला. गंध उगाळायचे, तुकडा तोलायचा, त्याच्या भाराएवढी अफू घ्यायची. तुकडा झिजेल तशी अफू झिजेल. किती, ते मी ठरवायचे नाही आणि तिनेही नाही. सहाणेची विनवणी करून उपयोग नाही, हे तिला समजत होते. तेव्हापासून काटा तिच्या हाती आहे.

तिला दरदरून घाम येई, पोटऱ्या वळत. पण भांडण संपले. ती मुंजाला न्हाऊ घालू लागली. तो तिला आय म्हणतो आणि दगडाबाईलाही आय म्हणतो. दोघींची हरकत नाही.

गेल्या महिन्यात मी डोळे दाखवायला परभणीला गेलो होतो. बायना जत्रेहून चंदनाचा नवा तुकडा घेऊन आली. देवापुढचा एवढासा झिजका पाहून तिला लाज वाटली. सोनाराच्या घरात देवाला चंदनाचीही ददात का, असे ती म्हणाली. जुना देवाचा होता, म्हणून तिने तो उकिरड्यावर टाकला नाही. तुळशीच्या मातीत पुरला. नवा सहाणेवर ठेवला. तो जुन्याच्या तिप्पट होता. धुरपताने गंध उगाळले, नवा तुकडा पारड्यात घातला आणि त्याच्या भाराएवढी अफू घेतली. दिवसभर ती उठली नाही. मुंजा मेंढरांच्या मागे चालत वेशीबाहेर गेला. संध्याकाळी सटवाजी धनगराने त्याला खांद्यावर आणून सोडले. पोर हसत होते. कोकराकडे परत चला म्हणत होते.

मी परतलो तेव्हा गावाने निकाल दिलेला होता.

मी धुरपताला विचारले, तुकडा नवा आहे हे तुला कळले नाही का? बायना मधेच म्हणाली, "तिला काय कळतंय, दादा." धुरपता दाराआडून म्हणाली, "कळलं होतं, मामा. हातात घेतला तवाच कळलं. तरी घेतली."

नाही म्हणाली असती तर सगळ्यांचे समाधान झाले असते, आणि मी आज व्यंकटच्या कागदावर सही केली असती. जिला खोटे बोलता येत होते आणि जी बोलली नाही, तिच्याजवळ मूल ठेवता येते. दुसऱ्या दिवशी तिने तुळशीची माती उकरून जुना तुकडा काढला, धुतला, आणि तिथून पुन्हा सुरुवात केली. ते दिवस पहिल्याहून कठीण गेले. दगडाबाई तिच्याजवळ बसून होती.

आता वाटणी.

कलम पहिले. पाथरीचे राहते घर मी माझ्या कमाईतून बांधले आहे. त्यात वडिलोपार्जित काही नाही. ते मी धुरपताबाईला देतो, तिच्या एकटीच्या नावे. कारण मूल नेणारा आधी आईला दाराबाहेर काढतो.

कलम दुसरे. मानवतच्या बाजारातले दुकान व्यंकटरावाला. ते घराहून चांगले आहे. त्याला कमी दिले असे कोणी म्हणू नये.

व्यंकट म्हणाला, "बापू, मला दुकान नको. मी दुकानासाठी आलो न्हाई."

ते मला माहीत आहे. तरी दुकान त्याचेच.

कलम तिसरे. मुंजाची पालक त्याची आई. बाप नसेल तर मूल दत्तक देण्याचा अधिकार आईचा असतो, हा कायदा मला व्यंकटनेच पूर्वी समजावून दिला होता. म्हणून आत्ता, सर्वांसमक्ष, मी तिला विचारले, "सूनबाई, मुंजाला देतीस का?"

दाराआड वाजायला बांगडी नाही, त्यामुळे ती तिथे आहे की उठून गेली हे समजत नव्हते. मग ती म्हणाली, "न्हाई, मामा."

हे तिचे उत्तर. याच्याविरुद्ध तिच्या अंगठ्याचा कागद पुढे कोणी आणला, तर तो ती गुंगीत असताना घेतला आहे असे समजावे.

व्यंकट यावर जे म्हणाला ते पूर्ण लिहितो. "ती चांगली असती तवा चांगलीच हाय, बापू. मी कुठं न्हाई म्हणतो? पण नसती तवा? तुमी जिवंत असताना पोरगं वेशीबाहेर गेलं. तुमी गेल्यावर कुठपर्यंत जाईल?"

हा प्रश्न बरोबर आहे. तेवढ्यात धुरपतानेच तो पुढे नेला. "मामा, म्या पुन्हा जास्त घेतली तर?"

दोघांना उत्तर एकच. ते पुढच्या कलमात आहे आणि ते मी सगळ्यांत जास्त विचार करून लिहितो आहे.

कलम चौथे. धुरपताला वाईट दिवस येतील. ती भाजीत दोनदा मीठ घालू लागली, हाकेला ओ देईनाशी झाली, भिंतीकडे तोंड करून बसू लागली, म्हणजे ते आले असे ओळखावे. तेव्हा दगडाबाईने या घरात राहायला यावे. माणूस घरात यावे. मूल घराबाहेर जाऊ नये. रात्री मुंजाने आईच्याच खोलीत झोपावे, दगडाबाईने दोघांच्या मधे. दार बाहेरून कडी लावून कोंडू नये. आडावर झाकण घालावे. ते आश्रुबा सुताराला सांगितले आहे. भगत आणू नये. गंध उगाळायला उशीर झाला तर देव थांबेल, पण ते तिच्याच हातून उगाळून घ्यावे. पोरासमोर तिला कोणी नाव ठेवू नये. तो तिच्यासाठी पाणी घेऊन गेला तर जाऊ द्यावे, पण तिला सांभाळण्याचे काम त्याचे आहे असे त्याला वाटू देऊ नये. ते मोठ्यांचे काम आहे. तो समजता झाला की काय झाले होते ते तिने स्वतः सांगावे. तिच्याआधी दुसऱ्या कोणी सांगू नये.

तिने पुन्हा तोलाहून जास्त अफू घेतली तर ते लपवावे लागेल असे घरात कोणी वागू नये. लपवाछपवी सुरू झाली की मूल कुठे आहे इकडेही लक्ष राहत नाही. तिने सांगावे, दगडाबाईने यावे, आणि जिथे तुकडा असेल तिथून पुढे चालू करावे.

आणि तुकडा संपला म्हणजे आजार संपला असे कोणी धरून चालू नये.

कलम पाचवे. यासाठी मागली खोली दगडाबाईला मरेपर्यंत राहायला दिली आहे, आणि मानवतच्या पेढीवरची माझी शिल्लक तिच्या धान्याकडे आणि मुंजाच्या शाळेकडे लावावी. हे ऐकून दगडाबाई म्हणाली, "आण्णा, तुमी मेल्यावर खोली देताय. जित्तेपणी एक कप चहा दिला न्हाई कधी."

चहा टाकायला सांगितला आहे. मुंजाला तिने पाजले त्याची किंमत मी केलेली नाही. ती करू गेलो तर ती रागावेल.

कलम सहावे. पार्वतीबाई अंगडे-टोपडे मांडीवर घेऊन बसली होती. आता म्हणाली, "आमच्याकडं दूध-तूप कमी पडायचं न्हाई त्याला." तिचे खरे आहे. तिने वाटेल तेव्हा इथे यावे, वाटेल तितके राहावे. सुटीत मुंजाने आणि त्याच्या आईने परभणीला जावे, दोघांनी मिळून. पार्वतीबाईने मुंजाला मांडीवर घ्यावे, नावावर घेऊ नये. या घरात तिचा कोणी पाणउतारा करील तर ते मला आवडणार नाही, मी कुठेही असलो तरी.

कलम सातवे. हत्यारे. ऐरण, हातोड्या, फुंकणी, मुशी, तार ओढायचे जंतर आणि चिमटे मुंजाला. त्याने सोनारकी करावीच असे नाही, पण विकायची असतील तर त्याने विकावीत, दुसऱ्याने नाही. बारीक चिमटा भुजंगाच्या हातातला आहे, तो मात्र विकू नये. काटा धुरपताला. तो आत्ताही तिचाच आहे. गुंजांची पिशवी व्यंकटला. लहानपणी तो त्या नाकात घालीत असे. एक अडकली तेव्हा मी ती त्याच बारीक चिमट्याने काढली होती, आणि तो रडला नव्हता.

कलम आठवे. माझी बहीण बायनाबाई हिने या घरात पूर्वीसारखेच राहावे. धुरपताने तिला दोन वेळा वाढावे आणि बायनाने ते नावे न ठेवता जेवावे. दोन्ही कठीण आहे. बायना म्हणते, "दादा, मी देवासाठीच आणलं होतं. मला काय ठाऊक त्याचं वजन करत्यात म्हणून?" तिला कोणी सांगितले नव्हते हे खरे. आता सांगितले आहे.

मी गेल्यावर चितेवर चंदन घालण्याची रीत आहे. धावपळीत देवघरातला तुकडा उचलून आणतील, आणि आणणारी बायनाच असेल. म्हणून स्पष्ट लिहितो. बायनाने आणलेला नवा तुकडा कापडात गुंडाळून फडताळात ठेवला आहे. तो माझ्याबरोबर जाळावा. सहाणेवरच्या तुकड्याला कोणी हात लावू नये. त्या दिवशीही धुरपताने गंध उगाळावे आणि तोलून घ्यावे. सुतक आहे म्हणून कोणी अडवू नये.

कलम नववे. भगताने नेलेली घागर परत मागू नये. त्याने मात्र या दारात पुन्हा येऊ नये.

हा कागद तहसिलीत गेला की त्याचा उर्दू तरजुमा होईल. तरजुमा करणाऱ्याने माझ्या सुनेच्या नावापुढे वेडी हा शब्द आपल्या पदरचा घालू नये. मी तो सबंध कागदात एकदाच लिहिला आहे, आणि तो इथे.

साक्षीदारांबद्दल. सुग्रीव उदावंत, सराफ, याच्याशी मी बोलत नाही. ज्या घरात अफू खातात तिथे सोने घडवायला टाकू नका, असे तो बाजारात सांगत असे. म्हणूनच त्याला बोलावले. माझी भीड म्हणून तो सही करणार नाही. त्याने सगळे ऐकले आणि म्हणाला, "मी अजूनही सोनं टाकणार न्हाई. सही करतो." दुसरा साक्षीदार सटवाजी धनगर. मूल त्याने आणून पोचवले. ते कोणाच्या हाती दिले हे त्याने पाहावे. त्याला वाचता येत नाही. पूर्ण वाचून दाखवले आहे. तो म्हणाला, "पोराला कोकरू पायजे होतं. ते बी लिहा." लिहिले. सटवाजी ते देणार आहे.

तिसऱ्या सहीची जागा व्यंकटरावासाठी मोकळी ठेवली आहे. त्याने केली तर या कागदाला बळ येईल. न केली तरी कागद उभा राहील.

वर लिहिले ते मी स्वतःच्या हाताने लिहिले, मोठ्याने वाचले, आणि त्यातले काहीही मागे घेत नाही.

सही: बन्सीधर नागोराव डहाळे, दस्तुरखुद्द
साक्ष: सुग्रीव उदावंत, सराफ, सही
साक्ष: सटवाजी धनगर, निशाणी अंगठा
साक्ष:

मुक्काम पाथरी, जिल्हा परभणी. पौष वद्य चतुर्थी, शके १८६१, सन १३४९ फसली.

दुसरे दिवशी सकाळी, त्याच हाताने पुरवणी. व्यंकटने सही केली नाही. आपला कागद घडी घालून खिशात ठेवला. गुंजांची पिशवी आत्ताच नेली तर चालेल का, असे विचारले. नेली. पार्वतीबाईने अंगडे-टोपडे धुरपताच्या हाती दिले. दमणीत दोघेच बसले. त्यानंतर धुरपताने गंध उगाळले. झिजलेला तुकडा तिला आता चिमटीत नीट धरवेना, म्हणून पारड्यात ठेवायला तिने बारीक चिमटा मागितला. तो वर मुंजाच्या नावे लिहिला आहे. मुंजाच्या हाताला येईपर्यंत तो धुरपताने वापरावा.